कौंडण्यपूरचा निरोप्या : गौण पात्राच्या चित्रणातील आव्हाने



जुन्या किंवा प्रसिद्ध कलाकृतीतील पात्रे आणि तिचे कथाविश्व घेऊन वाचकाने स्वतःची नवी कथा रचणे, या लेखनप्रकाराला आज ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. शब्द नवा आहे. व्यवहार मात्र मराठीला मुळीच नवा नाही. भागवताच्या दशम स्कंधातील रुक्मिणीहरणाची कथा घेऊन नरेंद्राने तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. महदंबेने रिद्धपूरला याच कथेवर धवळे गायिले. एकनाथांनी १५७१ मध्ये काशी येथे आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. हे तिघेही मूळ कथेचे प्रेमी होते आणि तिघांनीही तिच्यात स्वतःची भर घातली. नरेंद्राविषयी महानुभाव परंपरेत एक आख्यायिका आहे. राजा रामदेवराव यादवाने द्रव्य देऊन हे काव्य आपल्या नावावर मागितले आणि कवीने ते नाकारले. कथा सर्वांची असली तरी रचना रचणाऱ्याची असते, हे भान त्या आख्यायिकेत स्पष्ट दिसते.

या लेखात आपण एका मर्यादित प्रश्नाचा विचार करणार आहोत. मूळ कथेत ज्याला जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत अशा पात्राला आपल्या लेखनात उभे करायचे, तर कोणत्या अडचणी येतात आणि त्यांतून मार्ग कसा काढावा? माझे मत आरंभीच सांगतो. गौण पात्राला नायक करणे म्हणजे त्याला न्याय देणे नव्हे. त्याला त्याच्या जागी ठेवून पूर्ण माणूस करणे हे अधिक अवघड आहे आणि बहुतेक वेळा अधिक योग्यही आहे. हे मत सर्वांना पटेल असे नाही; म्हणून त्याची कारणे क्रमाने मांडतो.

मूळ संहिता काय सांगते?

उदाहरण आपल्याच भूमीतले घेऊ. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा आहे. रुक्मिणीचा थोरला भाऊ रुक्मी याने तिचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरविला. तेव्हा रुक्मिणीने एका विश्वासू ब्राह्मणाला द्वारकेला पाठविले. भागवतात या ब्राह्मणाला नावदेखील नाही. तो द्वारकेला पोहोचतो. श्रीकृष्ण आसनावरून उतरून त्याचा सत्कार करतो, त्याचे भोजन व विश्रांती झाल्यावर त्याचे पाय चेपतो आणि येण्याचे कारण विचारतो. ब्राह्मण गुप्त निरोप सांगतो. कृष्ण त्याला रथात घेऊन एका रात्रीत विदर्भात येतो. इकडे रुक्मिणी ब्राह्मण परतला नाही म्हणून व्याकूळ झालेली असते. तो येतो, कृष्ण आल्याचे सांगतो. त्याला द्यावे असे प्रिय काहीच न सुचून ती केवळ नमस्कार करते. इथून पुढे तो ब्राह्मण कथेत दिसत नाही.

एकनाथांच्या काव्यात या निरोप्याला सुदेव हे नाव मिळाले. नाव मिळणे ही गौण पात्राच्या वाढीची पहिली पायरी असते. पण नाव म्हणजे व्यक्तिमत्त्व नव्हे. आता तुम्हाला या सुदेवावर पंधरा पानांची कथा लिहावयाची आहे, असे समजा.

अशा वेळी पहिले काम म्हणजे तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडणे : मूळ संहितेने निश्चित सांगितलेले, नंतरच्या परंपरेने जोडलेले आणि कोणीच न सांगितलेले. पहिली गोष्ट तुम्हाला बांधते, दुसरीत निवड करता येते आणि तिसरीत तुमची कल्पना चालते. नवोदित लेखक बहुधा थेट तिसऱ्या गोष्टीकडे धावतो आणि तिथेच त्याचे पात्र पोकळ होते. कारण मोकळी जागा भरण्याची सामग्री पहिल्या गोष्टीतच दडलेली असते. ‘तिने केवळ नमस्कार केला’ हे एक वाक्य पाहा. राजकन्येने त्याला काही दिले नाही. त्याला हे कसे वाटले असेल? तो कृतार्थ झाला असेल? की घरी परतताना पत्नी काय विचारेल याचा विचार त्याच्या मनात आला असेल? मूळ संहितेचा एक निश्चित तपशील घट्ट धरला की त्यातून कल्पनेला दिशा मिळते.

पात्राला काय ठाऊक आहे?

दुसरी अडचण ज्ञानाच्या मर्यादेची आहे. आपल्याला कथेचा शेवट ठाऊक असतो. गौण पात्राला तो ठाऊक नसतो. सुदेवाला रुक्मिणीहरण यशस्वी होणार की नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता. राजपुत्राच्या इच्छेविरुद्ध राजकन्येचा निरोप परराज्यात नेणे हा प्राणावर बेतणारा उद्योग होता. आपण मात्र त्याला ‘भगवंताच्या लीलेतील निमित्त’ करून टाकतो आणि त्याची भीती काढून घेतो. भीती काढून घेतली की त्याचे धैर्यही उरत नाही.

याच अंगाने आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. निरोप लिहिलेला होता की पाठ केलेला? मराठी परंपरेत पत्रिकेची कल्पना रूढ आहे. भागवतात तो संदेश म्हणून येतो. लेखक यांपैकी काय निवडतो, यावर सारे पात्र अवलंबून आहे. पत्र असेल तर सुदेव हा वाहक आहे. आत काय आहे, हे त्याला ठाऊक नसण्याचीही शक्यता आहे. निरोप पाठ असेल, तर एका तरुणीचे अत्यंत खाजगी बोल एका वृद्ध पुरुषाने वाटभर घोकले आहेत आणि एका तरुणासमोर ते स्वतःच्या तोंडाने उच्चारले आहेत. त्या क्षणी त्याच्या आवाजात काय होत असेल? संकोच, वात्सल्य, की पाठांतर चुकू नये एवढीच काळजी? यातील कोणतेही उत्तर त्याला नायक करीत नाही, पण प्रत्येक उत्तर त्याला माणूस करते.

मराठीतील पौराणिक कादंबऱ्यांत या मर्यादेचा चांगला उपयोग झालेला दिसतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबरच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही निवेदन करतात. यांतील शोण हा कर्णाचा धाकटा भाऊ. महाभारतात कर्णाच्या भावांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असे नाहीच. सावंतांनी शोणाला आवाज दिला. पण तो कर्णाकडे पाहणाऱ्या भावाचा आवाज म्हणूनच ठेवला. म्हणून शोण आपल्या जागी खरा वाटतो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) यती हा मूळ कथेतील नाममात्र ज्येष्ठ बंधू मोठा झाला आहे, तथापि तो निवेदक नाही. त्याचे वैराग्य हे ययातीच्या भोगाला सतत समोर उभे राहणारे दुसरे टोक आहे. गौण पात्र किती वाढवावे, याचा निर्णय कथेतील त्याच्या कार्यावरून करावा, हे या दोन्ही उदाहरणांतून शिकण्यासारखे आहे.

गौण पात्राने कोणत्या भाषेत बोलावे?

भाषेचा अभ्यासक म्हणून मला ही तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

संस्कृत नाटकांत राजा व मंत्री संस्कृत बोलत. स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलत. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोले. म्हणजे भाषेवरून पात्राची पायरी ठरत असे. पण कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील धीवर आठवा. हरवलेली अंगठी त्याला माशाच्या पोटात सापडते आणि रक्षक त्याला चोर समजून बांधून आणतात. तो मागधी बोलतो. रक्षक त्याच्या धंद्यावरून त्याला टोमणा मारतात, तेव्हा तो आपल्या पिढीजात व्यवसायाची बाजू ठामपणे मांडतो. सुटका झाल्यावर मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटा तो त्याच रक्षकांना देतो आणि सारे मिळून मद्याच्या दुकानाकडे जातात. एवढ्या छोट्या प्रवेशात त्याचा स्वाभिमान, व्यवहारज्ञान आणि दिलदारी दिसते. त्याची भाषा खालच्या पायरीची मानली गेली, पण कालिदासाने त्याला हलके केले नाही.

आजच्या मराठीत दोन टोके दिसतात. पौराणिक कादंबरीत राजापासून दासीपर्यंत सर्वजण एकच संस्कृतप्रचुर प्रमाण मराठी बोलतात. उलट रंगभूमीवर, चित्रपटांत आणि मालिकांत बोली अनेकदा नोकराच्या, गावंढळाच्या किंवा हसवणाऱ्याच्याच वाट्याला येते. वऱ्हाडीचे असे किती वेळा झाले आहे, हे अकोला-अमरावतीकडील विद्यार्थ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. ‘काहून’ म्हटले की प्रेक्षकांनी हसायचे, असा जणू संकेतच होऊन बसला आहे.

मग सुदेवाने वऱ्हाडी बोलावे काय? कोणी म्हणेल, प्राचीन कुंडिनपुरात आजची वऱ्हाडी नव्हती. तेव्हा ती योजणे खोटे आहे. हे खरे आहे. पण प्राचीन कुंडिनपुरात आजची प्रमाण मराठीही नव्हती. दोन्ही संकेतच आहेत. तेव्हा ‘अस्सल काय’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हा संकेत पात्रांत कसा वाटला जातो’ हा प्रश्न विचारावा. रुक्मिणी आणि सुदेव एकाच गावचे. रुक्मिणीने प्रमाण भाषा बोलावी आणि निरोप्याने किंवा दासीने तेवढी वऱ्हाडी बोलावी, असे लिहिले की भाषाच पात्राला खालच्या पाटावर बसवते. बोली द्यायची तर दोघांना द्यावी. नाही तर दोघांना देऊ नये. वेगळेपण दाखवायचेच असेल, तर ते वय, व्यवसाय, स्वभाव यांतून येणाऱ्या शब्दयोजनेतून दाखवावे.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या दृष्टीने अवश्य वाचावी. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि पात्रे वऱ्हाडी बोलतात. नायिका कौतिक वऱ्हाडीच बोलते. म्हणून तेथे बोली ही गौणत्वाची खूण राहत नाही. तिच्या दुःखाची आणि जिद्दीची ती सहज भाषा होते.

बोली योजताना आणखी एक पथ्य आहे. काही शब्दांचे उच्चार बदलले, ‘डोळा’चा ‘डोया’ केला, की वऱ्हाडी झाली असे नव्हे. बोलीचा प्राण तिच्या व्याकरणात असतो. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे, ‘करून राह्यला’ ही चालू क्रियेची रचना, आणि विशेषतः ‘येजो’, ‘करजो’, ‘सांगजो’ ही आज्ञार्थी रूपे पाहा. आत्ताच नव्हे, तर पुढे करावयाच्या गोष्टीची सूचना या रूपांतून दिली जाते. आदराने बोलताना ‘सांगजा’ असे म्हणतात. प्रमाण मराठीत यासाठी ‘सांगा’ किंवा ‘सांगाल’ म्हणून काम भागवावे लागते. निरोप देणाऱ्या राजकन्येच्या तोंडी ‘त्याले एवढं सांगजा’ हे वाक्य घाला. वाटेचे अंतर, मधला काळ आणि निरोप्यावरचा विश्वास हे सारे त्या एका क्रियापदात येते. बोलीचे सामर्थ्य हे असे असते. विनोदासाठी ती वापरणारा लेखक ते वाया घालवितो.

खलपात्राला धुऊन काढू नये

गौण पात्रांत काही सज्जन असतात, काही दुर्जन. आजकाल दुर्जनाला अन्यायग्रस्त नायक करण्याकडे कल आहे. रुक्मीचे उदाहरण घ्या. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो पाठलागास निघतो, हरतो आणि त्याचे केस व दाढीमिशा कापून त्याला विरूप केले जाते. प्रतिज्ञेप्रमाणे तो घरी परतत नाही. भोजकट येथे वस्ती करतो. अमरावतीजवळचे भातकुली ते हेच, असे परंपरा मानते. भोजकट हे प्रदेशनाम अचलपूरजवळील चम्मक येथे मिळालेल्या, वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटातही आले आहे. पुढे महाभारताच्या उद्योगपर्वात रुक्मी सैन्य घेऊन प्रथम पांडवांकडे आणि मग दुर्योधनाकडे जातो. त्याची बढाईची भाषा ऐकून दोन्ही पक्ष त्याची मदत नाकारतात. शेवटी अनिरुद्धाच्या विवाहात द्यूताच्या वेळी तो बलरामाचा उपहास करतो आणि त्याच्या हातून मारला जातो.

या माणसाला निर्दोष ठरविण्याची काहीच गरज नाही. त्याने बहिणीची इच्छा पायदळी तुडविली, हे तसेच राहू द्यावे. पण त्याने आपला शब्द पाळला आणि जन्मगाव कायमचे सोडले, हेही तितकेच खरे आहे. कुंडिनपूर आणि भोजकट यांतील अंतर फार नाही. इतक्या जवळ राहून आयुष्यभर घरी न जाणारा माणूस, एवढे एक सूत्र हाती धरले तरी रुक्मी उभा राहतो. दोष कायम ठेवून समजून घेणे आणि दोष पुसून टाकणे यांत फरक आहे. पहिले काम साहित्याचे आहे, दुसरे वकिलीचे.

एक रास्त आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप येतो. गौण पात्राला त्याच्या जागी ठेवा, हे म्हणणे म्हणजे जुनीच उतरंड टिकवा असे सांगणे नव्हे काय? रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधात ऊर्मिलेसारख्या पात्रांकडे कवींनी केलेल्या दुर्लक्षाची जाणीव करून दिली. मैथिलीशरण गुप्त यांच्या हिंदी ‘साकेत’ने ऊर्मिलेला मध्यभागी आणले. मराठी दलित कवितेने एकलव्य आणि शंबूक यांना केंद्रस्थानी आणून मूळ कथेलाच प्रश्न विचारला. जीन ऱ्हिस यांनी ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेल्या वेड्या स्त्रीला ‘वाइड सरगॅसो सी’ (१९६६) या कादंबरीत तिचे नाव आणि तिचे बेट परत दिले. हे सारे चूक होते काय?

मुळीच नाही. जिथे मूळ कथेने एखाद्याला अन्यायानेच गप्प केले आहे, तिथे त्याला मध्यभागी आणणे आवश्यकच असते. ते प्रतिकथन आहे आणि मूळ कथेशी भांडण हाच त्याचा हेतू असतो. एकलव्याचा अंगठा आणि सुदेवाचा प्रवास या सारख्या गोष्टी नव्हेत. एकाकडून हिरावून घेतले गेले. दुसऱ्यावर विश्वास टाकला गेला. लेखणी उचलण्यापूर्वी आपले पात्र यांपैकी कोणत्या बाजूचे आहे, हे ठरवावे. आणि प्रतिकथनातही एक धोका उरतोच : पात्र माणूस न राहता घोषणाफलक होते. ज्याला मूळ कथेने एक ओळ दिली, त्याला आपण एक मत देऊन थांबलो, तर त्याची स्थिती फारशी सुधारली असे म्हणता येणार नाही.

टॉम स्टॉपर्ड यांच्या १९६६ मध्ये प्रथम सादर झालेल्या ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ या नाटकाने तिसरा मार्ग दाखविला. ‘हॅम्लेट’मधील दोन किरकोळ दरबारी तेथे रंगमंचाच्या मध्यभागी आहेत, पण ते नायक झालेले नाहीत. मोठी कथा त्यांच्या आजूबाजूने जाते आणि तिचा अर्थ त्यांना अखेरपर्यंत लागत नाही. गौणपणाचा अनुभव हाच तेथे विषय झाला आहे.

लिहिताना

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घर सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. इतरांचे निरोप पोहोचविणे, इतरांची कामे तडीस नेणे आणि नंतर प्रसंगातून बाजूला होणे, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. सुदेवाविषयी लिहिण्यास लागणारे भांडवल ते हेच. म्हणून प्रत्यक्ष लेखनाच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात. मूळ संहितेतील पात्राविषयीची सर्व विधाने प्रथम स्वतंत्र कागदावर उतरवून घ्यावीत. पात्राला काय ठाऊक नाही, याची यादी करावी. त्याला स्वतःचे असे एक काम, एक चिंता आणि एक नाते द्यावे. हे नाते मुख्य पात्राशी नसावे. सुदेवाला रुक्मिणीवर मनोमन लुब्ध करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निकृष्ट मार्ग आहे, कारण त्यामुळे त्याचे आयुष्य पुन्हा तिच्याभोवतीच फिरू लागते. आधुनिक लेखकाच्या कृतीवर लिहीत असाल तर लक्षात ठेवावे, की भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अभ्यासासाठी लिहिणे वेगळे आणि प्रसिद्ध करणे वेगळे.

आणि शेवटचा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारावा : मुख्य कथा संपल्यावर माझे पात्र कुठे गेले? विवाह द्वारकेला झाला. त्या दिवशी कुंडिनपुरात रुक्मी नव्हता, राजवाड्यात सन्नाटा होता आणि निरोप कोणी नेला याची चौकशी कधीही सुरू होण्यासारखी होती. सुदेव मात्र तिथेच राहणारा होता. या प्रश्नाला भागवतात उत्तर नाही. तुमची कथा तिथून सुरू होऊ शकते.